वैशाखातला बर्फ

उज्जयिनीचा वैशाख ज्यांनी भोगला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. पारा चाळिशी ओलांडतो, फ्रीगंजचे रस्ते दुपारी ओस पडतात, आणि टावर चौकातील घड्याळ कोणी पाहो न पाहो, आपले काटे फिरवीत उभे असते. ऊन कलले की हा चौक पुन्हा माणसांत येतो. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीभोवती मुले जमतात, वडीलधारी मंडळी कडेला विसावतात, आणि या दिवसांत त्यांच्या गप्पांचा विषय बहुधा एकच असतो : यंदा केदारनाथाला कोण कोण जाणार, आणि केव्हा? महाकालाच्या गावात राहणाऱ्यांना केदाराची ओढ असावी हे स्वाभाविकच आहे. एक ज्योतिर्लिंग घराशी, दुसरे नर्मदेच्या बेटावर, एका दिवसात जाऊन येण्याजोगे. मग हिमालयातले तेवढे का राहावे?

याच संदर्भात एका वाचकभगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मंदिराची दारे उघडतात त्याच दिवशी दर्शन घ्यावे असा त्यांचा संकल्प. मुलाचे म्हणणे, वर अजून बर्फ आहे, तीन-चार आठवडे थांबू. त्यावर सासूबाईंचा बिनतोड वाटणारा सवाल असा की, "बर्फ पडायचे दिवस तर केव्हाच सरले, आता तो वितळतो आहे. वितळणाऱ्या बर्फाला कसले भ्यायचे?" उभय पक्षांनी आमचा निवाडा मान्य करण्याचे ठरविले आहे असे पत्रात लिहिले आहे. निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण सासूबाईंच्या सवालाचे उत्तर दिले पाहिजे, कारण तो सवाल त्यांच्या एकट्यांचा नाही. सपाट मुलखात वाढलेल्या आपणा सर्वांनाच असे वाटते की, बर्फाचा धोका म्हणजे थंडीचा धोका, आणि ऊन आले की तो टळला. पर्वतात ही गोष्ट पुष्कळदा नेमकी उलटी असते.

डोंगरावरचा बर्फ दुरून एकजीव पांढऱ्या गादीसारखा दिसतो. वस्तुतः तो थरांचा असतो. मार्गशीर्षात पडलेला वेगळा, पौषातला वेगळा, माघातल्या वादळाने आणलेला आणखी वेगळा. एखाद्या थरावर ऊन पडून कवच धरलेले असते, एखादा वाऱ्याने घट्ट दाबलेला असतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे त्या मानाने उबदारच असतो, आणि वरचा पृष्ठभाग कडाक्याचा थंड. या तफावतीमुळे खालच्या थरातून वाफ वर सरकत राहते, आणि तेथल्या बर्फाचे हळूहळू साखरेसारखे सुटे, कंगोरेदार दाणे होतात. हे दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत. वर मीटर-दोन मीटरचा भक्कम थर आणि तळाशी ही साखर, अशी स्थिती कित्येक उतारांवर हिवाळाभर दडून असते.

हे स्वयंपाकघरात करून पाहता येते. ताटात साखरेचा पातळ थर पसरावा, त्यावर एक भाकरी ठेवावी आणि ताट एका बाजूने सावकाश उचलावे. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी भाकरी निसटते, तीही अख्खी. हिमस्खलनाचे अगदी असेच आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत वाईट. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा झडत जातो. मधल्या उतारावर मात्र तो महिनोन्‌महिने साठतो आणि मिनिटभरात खाली येतो.

आता उन्हाकडे वळू. कडाक्याच्या थंडीत निदान ही रचना गोठलेली तरी असते. चैत्र-वैशाखात सूर्य वर चढतो, पृष्ठभागाचे पाणी होते आणि ते थराथरांतून खाली झिरपू लागते. संपूर्ण थर शून्य अंशावर आला की कणाला कणाशी जोडणारे दुवे सुटू लागतात. झिरपलेले पाणी एखाद्या कठीण कवचावर किंवा गुळगुळीत खडकावर येऊन थांबले, म्हणजे तेथे वंगण घातल्यासारखे होते. म्हणून बर्फ वितळू लागणे हे धोका संपल्याचे लक्षण नव्हे. पुष्कळ उतारांवर ते धोका सुरू झाल्याचे लक्षण असते.

शिवाय हा बर्फ जड असतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर भरतो. वसंतातला ओला बर्फ चारशे ते पाचशे किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी आपल्या घरातली एक खोली त्याने भरली तर तिचे वजन बारा टनांहून अधिक होईल, आणि डोंगरावरून येतो तो खोलीभर बर्फ नसतो. कोरड्या बर्फाचा लोट ताशी दोनशे किलोमीटरच्याही वेगाने धावतो. ओला त्या मानाने मंद, पण वाटेतले वृक्ष आणि शिळा सोबत घेऊन येणारा. तो थांबतो तेव्हा काय होते, हे पाहावयाचे असेल तर गोळेवाल्याचे हात पाहावेत. किसलेला बर्फ तो मुठीत दाबतो आणि भुशासारखा तो चुरा क्षणात काडीला घट्ट धरून बसतो. थांबलेला हिमलोट असाच आवळतो. त्यात सापडलेल्या माणसाला स्वतःचे बोटही हलविता येत नाही. युरोपातील आल्प्स पर्वतातल्या शेकडो घटनांचा हिशेब असे सांगतो की, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटून गेला की तिघांत एकच. ही मिनिटे सरकारी मदतपथकाची नसतात, सोबत चालणाऱ्यांची असतात.

येथे आम्हांला घड्याळाविषयी थोडे बोलले पाहिजे. वसंतातल्या या बर्फाला दिनचर्या असते. रात्र निरभ्र असेल तर पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते, वरचा थर दगडासारखा गोठतो आणि पहाटे त्यावरून चालणे त्या मानाने निर्धोक असते. सूर्य वर आला की कवच मऊ पडते, पाय घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुतू लागतो. दुपार ते तिसरा प्रहर हा सर्वांत वाईट काळ. पूर्वेकडे तोंड असलेले उतार सकाळीच तापतात, दक्षिणेचे माध्यान्ही, पश्चिमेचे दिवस कलताना. रात्री ढग असतील तर वरची गोठण होतच नाही. मग पहाटेचाही भरवसा धरता येत नाही. पावसाची सर आली तर मुळीच नाही. पुष्कळ यात्रेकरू फसतात ते आणखी एका कारणाने. ते चालत असतात दरीच्या सावलीत, अंगावर शाल असते, आणि ऊन कोठे दिसत नाही म्हणून मन निर्धास्त असते. परंतु धोका वाटेवर तयार होत नाही. तो डोक्यावर हजार मीटर उंच अशा उतारावर तयार होतो, ज्याला ऊन लागून चार तास झालेले असतात.

आणि ऊन चालते सूर्याच्या घड्याळाने, टावरच्या नव्हे. आपले हे घड्याळ साऱ्या देशाची प्रमाणवेळ दाखविते. क्षिप्रेकाठच्या वेधशाळेतील शंकुयंत्राकडे पाहिले तर उज्जयिनीचा खरा माध्यान्ह त्यानंतर सुमारे सत्तावीस मिनिटांनी होतो. केदारनाथी हा फरक चौदा मिनिटांचा आहे. उलट सिक्कीमच्या नथुला खिंडीत सूर्य घड्याळाच्या पंचवीस मिनिटे पुढे असतो; तेथे साडेअकरा वाजताच डोक्यावर भर दुपार आलेली असते. "बाराच्या आत परत येऊ" हा बेत म्हणूनच सगळीकडे सारख्याच किमतीचा नसतो.

नथुलाचे नाव घेतले ते उगाच नव्हे. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन झाले आणि सात पर्यटक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तेराव्या मैलापुढे जाण्याची परवानगी नव्हती. पुढे बर्फ अधिक चांगला दिसतो, छायाचित्र अधिक चांगले येते, आणि अडविणारा शिपाई एकटा असतो. एवढ्या भांडवलावर माणसे पुढे जातात. मरण पावलेल्यांविषयी कठोर बोलण्याचे आमच्या मनात नाही. आपणही त्याच मोटारीत असतो तर चालकाला "जरा पुढे घ्या हो" म्हणालो असतो, हे प्रत्येकाने स्वतःशी कबूल करावे. त्यापुढच्या ४ जूनला, म्हणजे ज्येष्ठात, हेमकुंडाच्या वाटेवर अटलाकुडी येथे एक कुटुंब हिमलोटात सापडले. बाकीचे वाचले, एक स्त्री दगावली. जून उजाडला म्हणजे सारे निवांत, असे मानणाऱ्यांसाठी ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे.

घड्याळ न पाळणारी हिमस्खलनेही असतात, हे सांगितले नाही तर आमचे लिहिणे अर्धवट राहील. मोठ्या हिमवर्षावानंतर जुन्या थरांवर एकाएकी नवे ओझे पडते, आणि मग दिवस काय, रात्र काय. २३ एप्रिल २०२१ रोजी गढवालच्या नीती खोऱ्यात सुमनाजवळ रस्ताबांधणीच्या छावणीवर लोट आला. आधीचे पाच दिवस तेथे पाऊस आणि बर्फ चालू होता. सैन्याने ३८४ जणांना वाचविले, तरी दहांहून अधिक मजूर गेले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथापलीकडील माणा गावाजवळ अशाच छावणीतले ५४ कामगार दडपले गेले. ४६ वाचले, ८ वाचले नाहीत. आणि १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबूच्या हिमप्रपातात भल्या सकाळी, ऊन तापण्यापूर्वीच, लटकता हिमकडा तुटून सोळा नेपाळी सहायक ठार झाले. अशा कड्याला ऊन-सावलीशी फारसे देणेघेणे नसते. आपणा यात्रेकरूंना यातून घ्यावयाचे ते एवढेच : जोराचा हिमवर्षाव होऊन गेल्यावर आकाश लख्ख उघडते, तो पहिला सुंदर दिवस घाटाच्या खालीच काढावा.

गढवालात आणखी एक शब्दाचा घोटाळा होतो. वाटेवर येऊन पडलेल्या हिमलोटाच्या ढिगालाही तिकडील लोक ग्लेशियरच म्हणतात. "ग्लेशियर आला, रस्ता बंद" असे घोडेवाला सांगतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे भूगोलाच्या पुस्तकातली सावकाश सरकणारी हिमनदी येते, आणि ती काय आज सरकणार, असे म्हणून आपण हसतो. त्याला म्हणावयाचे असते की, या घळीतून वरचा बर्फ कोसळला आहे. ज्या घळीतून एकदा कोसळला तीतून पुन्हा कोसळू शकतो. वरचा साठा संपेपर्यंत ती त्याची वाटच असते. केदारनाथच्या शेवटच्या चढावर, लिंचोलीच्या पुढे, भैरव आणि कुबेर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घळी अशाच आहेत. तेथे बर्फाचा ढीग कापून वाट काढतात आणि दोन्ही बाजूंच्या पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या भिंतींमधून यात्रेकरू चालतो. देखावा विलक्षण असतो. उभे राहून तो पाहण्याची जागा मात्र ती नव्हे. कडेला ओढ्यांवर बर्फाचे पूल तयार झालेले असतात. ते वरून अखंड दिसतात, परंतु खालून वाहत्या पाण्याने पोखरून काढलेले असतात. त्यांवर पाऊल ठेवणे म्हणजे विहिरीवर अंथरलेल्या चटईवर उभे राहणे.

आता राहिला मुहूर्ताचा प्रश्न, आणि सासूबाईंशी आमचे खरे बोलणे येथेच आहे. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात. केदारनाथचा दिवस महाशिवरात्रीस उखीमठाच्या मंदिरात पंचांग पाहून ठरतो आणि तो सहसा अक्षय्य तृतीयेच्या आगेमागेच असतो. त्या उखीमठाच्या मंदिराचे नावही ओंकारेश्वरच, हे आपणा माळव्यातल्यांना विशेष वाटावे. तर ही तृतीया इंग्रजी तारखेने दरसाल हलते. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मे रोजी, २०२५ साली ३० एप्रिलला, आणि २०२६ सालची १९ एप्रिलची. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत ती येते आणि अधिकमास होऊन गेला की पुन्हा मे महिन्यात जाते. ज्या संवत्सरात वैशाखानंतर अधिकमास यावयाचा असतो, त्या संवत्सराची अक्षय्य तृतीया लवकर असते. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. तिथी तीच, पुण्य तेच. पण बर्फ सूर्याच्या गतीने वितळतो, आणि २० एप्रिलचा डोंगर व १० मेचा डोंगर हे दोन वेगळे डोंगर असतात. २०२३ साली २५ एप्रिलला केदारनाथची दारे उघडली, आणि पुढे कित्येक दिवस हिमवर्षाव होत राहिला. नोंदणी वारंवार थांबवावी लागली, मे महिन्याच्या आरंभी घळींतून लोट येऊन वाटही बंद पडली.

ज्या गावावरून भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा गेली, ज्या गावच्या वेधशाळेचा १९२३ साली शिंदेशाहीत जीर्णोद्धार होऊन तिची सूत्रे गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाकडे आली, त्या गावच्या माणसांना चांद्र आणि सौर मानातला हा फरक समजावून सांगण्याची गरज पडू नये. घरच्या पंचांगात अधिकमास आहे किंवा नाही एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पूर्वी हा प्रश्न आपोआप सुटत असे. हरिद्वारहून पायी निघालेला यात्रेकरू टप्पे टाकीत, चट्ट्यांवर मुक्काम करीत, कित्येक दिवसांनी केदारी पोचे. दारे उघडल्याची वार्ता ऐकून निघाला तरी तो पोचेपर्यंत ज्येष्ठ लागलेला असे. तेवढ्यात बर्फ उतरे आणि विरळ हवेची शरीरालाही सवय होई. आज हरिद्वारहून दोन दिवसांत गौरीकुंड आणि तिसऱ्या दिवशी ३,५८३ मीटरवरचे मंदिर. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. वाट लहान झाली, त्याबरोबर ती जुनी सवडही गेली. ही सवड आता आपली आपणच काढली पाहिजे.

म्हणून आमचे मत मुलाच्या बाजूचे आहे. तृतीया लवकर असेल त्या वर्षी मेचा मध्य उलटू द्यावा. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत तीन-चार आठवडे मिळतात. गर्दी असते, पण घळी बऱ्याच रिकाम्या झालेल्या असतात. गर्दीचा जाच नको असेल तर पाऊस सरल्यानंतरचा आश्विन त्याहून चांगला. सासूबाईंना पहिल्या दिवसाचेच पुण्य हवे असेल, तर त्या दिवशी महाकालाला अभिषेक करून संकल्प सोडावा आणि दर्शनास मागाहून जावे. शास्त्राची त्याला आडकाठी असेल असे आम्हांस वाटत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस हवामान पाहावे. हिमस्खलनाचे इशारे देण्याचे काम पूर्वी मनालीची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था करीत असे. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था २०२० मध्ये चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली आणि आता इशारे तेथून निघतात. ते जिल्हावार असतात आणि बहुधा "अमुक मीटरच्या वर" असे म्हणतात. आपण वाचतो जिल्ह्याचे नाव, आणि मीटरचा आकडा सोडून देतो. खरी माहिती त्या आकड्यात असते.

घळ ओलांडताना सगळ्या कुटुंबाने घोळक्याने जाऊ नये. थोडे अंतर ठेवून, न थांबता, एकामागून एक जावे. बाकीच्यांनी चालणाऱ्यावर नजर ठेवावी. दुर्दैवाने लोट आलाच तर ज्या ठिकाणी माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवणे ही सर्वांत मोलाची मदत. सापडलेल्याने, जमले तर, हात तोंडापुढे घ्यावेत, म्हणजे बर्फ आवळला तरी श्वासापुरती पोकळी राहते.

आणखी एका मंडळींचा विचार राहिला. आपण ती घळ जाताना एकदा व येताना एकदा ओलांडतो. डोलीवाले, घोडेवाले आणि पाठीवर ओझी वाहणारे नेपाळी मजूर ती दिवसातून कितीदा तरी ओलांडतात. त्यांना कोणता उतार केव्हा हलतो हे आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असते, पण दुपारी तीन वाजता चार पैसे अधिक देऊन "आजच खाली उतरवा, उद्याची गाडी आहे" असे म्हणणारे गिऱ्हाईक आले की त्यांना नाही म्हणणे परवडत नाही. वाचकभगिनींनी परतीचे आरक्षण करताना एक दिवस मोकळा ठेवावा. डोली ठरविताना मुक्काम वरच करून पहाटे उतरण्याचे ठरवावे, आणि डोलीवाल्याने सकाळी "आज नको" म्हटले, तर त्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी.